अंजनीसारख्या एका झाडाची ओळख पटवताना

सह्याद्रीच्या माथ्यावरील सदाहरित जंगलांत अंजनी इतकी सर्वत्र आढळते की तिच्यापाशी थांबून पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. महाबळेश्वरच्या पठारावरील खुजी, दाट जंगले अंजनी, जांभूळ आणि पिसा या वृक्षांनीच मुख्यतः बनलेली आहेत, आणि उत्तर सह्याद्रीतील या वनप्रकाराला अभ्यासकांनी मेमेसिलॉन (अंजनी), सिझिजियम (जांभूळ) आणि ॲक्टिनोडॅफ्ने (पिसा) या तीन प्रजातींच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटांच्या, नावानेच ओळखले आहे. हिवाळा सरत आला की अंजनीच्या फांद्यांच्या पेरांवर निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके येतात आणि थोड्याच दिवसांत झडूनही जातात. वर्षाच्या उरलेल्या काळात दिसतात ती फक्त जाड, चकचकीत, गडद हिरवी पाने. अशा झाडाची फुलांविना तोडलेली फांदी वनस्पतिसंग्रहात, म्हणजे कागदावर चिकटवलेल्या सुक्या नमुन्यांच्या संग्रहात, आली की केवळ पानांवरून तिच्यावर अंजनीची चिठ्ठी चिकटवली जाते, आणि एकदा चिकटलेली चिठ्ठी पुन्हा तपासायला कुणी जात नाही. मी ज्या झाडाविषयी लिहितो आहे, त्याच्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

दोडामार्ग तालुक्यातील एका देवराईतील वृक्षांची यादी करण्याचे काम आम्ही काही सहकारी करत होतो. देवराईत शिरण्यापूर्वी गावकर मंडळींची परवानगी घेतली होती आणि देवस्थानचे वयस्क गुरव वाट दाखवायला बरोबर होते. ओढ्याकाठच्या सावलीतील एका मध्यम उंचीच्या झाडाची मी अंजनी म्हणून नोंद करू लागलो, तेव्हा ते म्हणाले, "ती काळी अंजनी. हिला फूल मागाहून येतं, आणि हिचं फळ पोरं खात नाहीत." साध्या अंजनीची पिकून काळी झालेली फळे मुले आवडीने खातात, हे मला ठाऊक होते. म्हणून मी गुरवकाकांना आणखी खोदून विचारले. साधी अंजनी फुलून झडली की मगच ही फुलते, ही फक्त ओढ्याच्या अंगाला उगवते, आणि हिचे पान सुकल्यावर अधिक काळपट होते, असे त्यांनी सांगितले. पुढे प्रयोगशाळेत जे काही निष्पन्न झाले, त्यातील निम्म्या गोष्टींची दिशा या माहितीत होती, आणि हे मी या झाडाला नवी जाती म्हणून मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या ऋणनिर्देशात स्पष्ट लिहिले आहे.

मेमेसिलॉन ही प्रजाती लिनीअसने 1753 मध्ये श्रीलंकेतील वनस्पतीवरून स्थापन केली. आफ्रिका, मादागास्कर आणि आशियाच्या उष्ण प्रदेशांत मिळून तिच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि पश्चिम घाट व श्रीलंका हा तिचा एक समृद्ध पट्टा आहे. आपली नेहमीची अंजनी म्हणजे मेमेसिलॉन अंबेलाटम. तिला बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञ पितापुत्रांपैकी धाकट्या बर्मन यांनी 1768 मध्ये नाव दिले. या प्रजातीतील जाती एकमेकींपासून वेगळ्या करणे अवघड आहे, कारण पानांच्या उपशिरा बहुतेक जातींत पृष्ठभागावर दिसतच नाहीत, पानांचा आकार एकाच झाडावरही बदलतो आणि ज्यांवर खरा भर द्यावा ती फुले अवघ्या काही मिलिमीटरची असतात. शिवाय त्यांचा निळा रंग सुकल्यावर तपकिरी होऊन जातो. त्यामुळे रंगाची नोंद झाडाखालीच करावी लागते आणि काही फुले दाबून सुकवण्याऐवजी अल्कोहोलच्या द्रावणात बुडवून ठेवावी लागतात. हे केले नाही तर पुढच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या कामाला आधारच उरत नाही.

म्हणून फुलांचा हंगाम येईपर्यंत निर्णय राखून ठेवला आणि मधल्या काळात पानांची मोजमापे घेत राहिलो. हंगामात गेलो तेव्हा गुरवकाकांचे म्हणणे पडताळून पाहता आले. त्याच देवराईत साध्या अंजनीवर हिरवी फळे धरली होती आणि ओढ्याकाठची झाडे नुकतीच फुलू लागली होती. एका चिन्हांकित झाडाची फांदी, त्याच झाडाची फुले, त्याच झाडाची पाने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशवीत, आणि या सर्वांवर एकच संग्रहक्रमांक, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. डीएनए एका झाडाचा आणि वर्णन दुसऱ्या झाडाचे असे झाले, तर दोन्ही पुरावे निरुपयोगी ठरतात. सिलिका जेल पानांच्या वजनाच्या निदान दहापट घ्यावे लागते, कारण अंजनीचे जाड पान सावकाश सुकले तर त्यातील डीएनए तुटून जातो.

बाह्यरूपाच्या अभ्यासात पहिला फरक फुलोऱ्याच्या दांड्यात दिसला. साध्या अंजनीचा फुलोरा स्पष्ट दांड्यावर येतो आणि छत्रीच्या काड्यांप्रमाणे फुलांचे देठ त्यातून पसरतात. ओढ्याकाठच्या झाडांत हा दांडा जवळजवळ नाहीच. जुन्या फांद्यांच्या गाठाळ पेरांवर फुले थेट झुबक्याने बसलेली. पानाचा देठ अगदी आखूड आणि पानाचा तळ गोलसर ते किंचित हृदयाकृती. पाकळ्या फिकट, पांढऱ्याकडे झुकणाऱ्या, फक्त टोकाला निळसर छटा. फळ गोल नसून लांबट, आणि त्याच्या माथ्यावर संवर्ताची, म्हणजे फुलाच्या पेल्यासारख्या बाहेरील आवरणाची, उभी कड टिकून राहिलेली. फळाच्या गरात तुरटपणा इतका की मुले ते का खात नाहीत हे चाखताक्षणी कळले.

यांतील प्रत्येक फरकाला मी समान वजन देत नाही. पानाचा आकार सावली, पाणी आणि फांदीचे वय यांनुसार बदलतो. पाकळ्यांची छटा मातीनुसार फिरू शकते. फुलोऱ्याचा दांडा नसणे हे अधिक भरवशाचे, पण तेही एकट्याने पुरेसे नाही. माझ्या मते निर्णायक ठरली ती पुंकेसरांची रचना. मेमेसिलॉनमध्ये आठ पुंकेसर असतात, आणि परागकोशाच्या दोन कप्प्यांना जोडणारा भाग पाठीमागे फुगून शंकूसारखा झालेला असतो. त्यावर एक लहान खोलगट ग्रंथी असते. ही ग्रंथी कुठे आहे, तिचा आकार कसा आहे, शंकूचे टोक सरळ आहे की वाकलेले, या गोष्टी झाडागणिक फारशा बदलत नाहीत. आमच्या झाडांत ते टोक खाली वाकलेले आणि ग्रंथी त्याच्या मुळाशी होती. शेजारच्या साध्या अंजनीत तसे एकाही फुलात आढळले नाही. शेकडो फुले उघडून पाहिल्यावर मधले रूप, म्हणजे अर्धवट वाकलेले टोक किंवा मध्येच सरकलेली ग्रंथी, मिळाले नाही, याला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो.

पानांच्या आतील पुरावाही पाहिला. मेमेसिलॉनच्या पानांत जाड भिंतींच्या दृढकोशिका असतात आणि त्यांच्या आकारांचा वर्गीकरणासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी पूर्वीच चांगला उपयोग करून घेतलेला आहे. पानाचे तुकडे सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ठेवून पारदर्शक करायचे आणि सॅफ्रानिनने रंगवायचे, एवढीच त्याची कृती आहे. महागडे यंत्र लागत नाही, आणि लहान गावातील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हे काम होऊ शकते. जनुकीय पद्धतींच्या काळात हा साधा मार्ग मागे पडत चालला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण फुले नसलेल्या जुन्या सुक्या नमुन्याला प्रश्न विचारायचा असेल तर पानाचा एवढासा तुकडा बरेच काही सांगून जातो.

यानंतरचा टप्पा वनस्पतिसंग्रहांचा होता, आणि सर्वांत अधिक काळ तिथेच गेला. झाड आपल्याला अनोळखी असणे आणि विज्ञानाला अनोळखी असणे यांत मोठे अंतर आहे. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी त्याला नाव देऊन ठेवलेले असू शकते, आणि पुढे दुसऱ्या कुणी ते नाव साध्या अंजनीत विलीन केलेले असू शकते. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लार्क यांनी ब्रिटिश भारताच्या वनस्पतिग्रंथात या प्रजातीचे लेखन केले तेव्हा अनेक रूपांना त्यांनी स्वतंत्र जाती न मानता एकाच जातीचे प्रकार म्हणून नोंदवले. रॉक्सबर्ग यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील झाडाला दिलेले नाव, डॅल्झेल यांनी मुंबई इलाख्यातून वर्णिलेली मेमेसिलॉन टर्मिनाले, टॅल्बट या वनाधिकाऱ्यांच्या सन्मानार्थ ठेवलेली मेमेसिलॉन टॅल्बोटियानम, अशा प्रत्येक नावाचे मूळ वर्णन वाचावे लागले आणि मूळ नमुन्याची, म्हणजे ज्या नमुन्याशी ते नाव कायमचे जोडलेले असते त्याची, प्रतिमा पाहावी लागली. कुक यांचा 1901 ते 1908 या काळातील मुंबई इलाख्याचा वनस्पतिग्रंथ आणि टॅल्बट यांचा त्यानंतरचा वनवृक्षांचा ग्रंथ हे आजही टेबलावर उघडे ठेवूनच काम करावे लागते. लंडनमधील क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहाच्या उच्च दर्जाच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात, ही सोय आमच्या गुरूंच्या पिढीला नव्हती. त्यांना एका नमुन्यासाठी पत्रव्यवहार करून महिनोन्‌महिने थांबावे लागे.

पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातील आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहातील मेमेसिलॉनचे नमुने चिकटवलेले कागद मी एकेक करून पाहिले. आमच्या झाडाशी जुळणारे काही कागद साध्या अंजनीच्या गठ्ठ्यात निघाले. बहुतेकांवर फुले नव्हती. एकावर मात्र वाळलेल्या कळ्यांचा झुबका होता आणि दांडा नसलेला फुलोरा त्यातही ओळखू येत होता. संग्राहकाने चिठ्ठीवर ओढ्याकाठचे झाड, फुले पांढुरकी एवढेच लिहून ठेवले होते. ज्याने कुणी ती ओळ लिहिण्याची तसदी घेतली, त्याच्यामुळे झाडाचा पूर्वीचा आढळ आम्हाला नकाशावर मांडता आला. त्या चिठ्ठीचा माग काढत चंदगडच्या बाजूला गेल्यावर झाडांचा दुसरा समूह सापडला. त्यामुळे एका देवराईतील एखाद्या विचित्र झाडाच्या वंशावळीला आपण जाती म्हणत आहोत का, ही शंका बरीचशी दूर झाली.

आता डीएनएचा भाग. अंजनीच्या पानांतून स्वच्छ डीएनए काढणे हे कष्टाचे काम आहे. पाने चिकट द्रव्याने आणि टॅनिनांसारख्या पदार्थांनी भरलेली असतात. कुटलेली पूड द्रावणात पडली की काही वेळातच ती तपकिरी होते आणि हेच पदार्थ डीएनएला चिकटून पुढची प्रक्रिया रोखतात. अंजनीची पाने पूर्वी कापड रंगवताना रंग पक्का बसवण्यासाठी वापरत, कारण या प्रजातीची झाडे पानांत ॲल्युमिनियम साठवतात. प्रयोगशाळेत पानाची पूड आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणाने धुऊन घेतली, मग सीटॅब पद्धतीने (पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या रसायनात) 65 अंश सेल्सियसवर ठेवली, त्या द्रावणात टॅनिनांना धरून ठेवणारे पीव्हीपी मिसळले आणि क्लोरोफॉर्मने पुन्हा पुन्हा शुद्ध केले. कोवळी, नुकतीच उलगडलेली पाने घेतली तर परिणाम चांगले येतात, पण सदाहरित झाडाला कोवळी पालवी फुटण्याचा काळही ठरलेला असतो. त्यामुळे प्रयोगशाळेचे वेळापत्रक अखेर जंगलावरच अवलंबून राहते.

डीएनएतील घटकांचा क्रम वाचण्यासाठी आम्ही त्याचे दोन प्रकारचे भाग निवडले. हरितलवकातील आरबीसीएल आणि मॅटके हे भाग 2009 मध्ये वनस्पतींच्या जनुकीय ओळखीसाठी प्रमाण म्हणून सुचवले गेले. त्यांच्या जोडीला हरितलवकातीलच टीआरएनएच आणि पीएसबीए या जनुकांमधील भाग घेतला. केंद्रकातील डीएनएसाठी आयटीएस हा भाग घेतला. हरितलवकाच्या प्रमाण भागांनी फारसे काही सांगितले नाही. आमचे झाड, साधी अंजनी आणि आणखी दोन जाती यांचे क्रम जवळजवळ सारखेच आले. सावकाश वाढणाऱ्या आणि अनेक वर्षे जगणाऱ्या वृक्षांत हे अनपेक्षित नाही. हरितलवकातील क्रम फार हळू बदलतात, आणि शेजारी वाढणाऱ्या दोन जातींत पूर्वी कधी संकर झालेला असेल तर एकीचे हरितलवक दुसरीत शिरून कायमचे राहू शकते. एवढ्यावरून हे झाड वेगळे नाही असे कुणी म्हणाले असते, तर बाह्यरूपाचा सगळा अभ्यास बाजूला पडला असता. त्याचप्रमाणे क्रमांतील एखाददुसऱ्या फरकावरून वेगळी जाती जाहीर करणेही तितकेच अयोग्य ठरले असते.

आयटीएसने चित्र स्पष्ट केले, पण त्याआधी एक अडथळा आला. काही नमुन्यांचे क्रम मेमेसिलॉनशी मुळीच जुळत नव्हते. तपासल्यावर ते बुरशीचे निघाले. दमट जंगलातील सदाहरित पाने अनेक हंगाम झाडावर राहतात, त्यामुळे त्यांच्या आत आणि पृष्ठभागावर सूक्ष्म बुरशींची वस्ती असते, आणि आयटीएस वाचण्यासाठीचे सर्वसाधारण प्रायमर (डीएनएच्या हव्या त्या भागाला जुळून वाचन सुरू करणारे छोटे तुकडे) बुरशीच्या डीएनएलाही तितक्याच सहजपणे जुळतात. पाने नीट पुसून, कोवळी निवडून आणि फक्त वनस्पतींसाठी बनवलेले प्रायमर वापरून तो प्रश्न सुटला.

दोन्ही समूहांतील झाडांचे आयटीएस क्रम एकमेकांशी जुळले आणि साध्या अंजनीपासून अनेक ठिकाणी वेगळे निघाले. संकराची शंका मुद्दाम तपासली. झाड दोन जातींचा अलीकडचा संकर असेल, तर ज्या ठिकाणी आईबापांचे क्रम वेगळे असतात तिथे क्रम वाचणाऱ्या यंत्राच्या आलेखावर सहसा दोन शिखरे एकावर एक दिसतात. आमच्या आलेखांत तशी दुहेरी शिखरे नव्हती. वंशवृक्ष मांडला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी मला सर्वांत उद्बोधक वाटते. आमचे झाड साध्या अंजनीच्या शेजारी बसलेच नाही. त्याचे जवळचे नाते दक्षिणेकडील, केरळच्या बाजूच्या जातींशी निघाले. म्हणजे ज्या झाडात इतकी वर्षे ते लपून राहिले, त्याच्याशी त्याचे साम्य हे सारख्या वातावरणात घडलेल्या जाड, चकचकीत पानांपुरतेच होते. फुलांतील वाकलेल्या टोकाचा परागकोश दक्षिणेकडील त्या जातींतही काही प्रमाणात आढळतो, हे मग परत जाऊन पाहिल्यावर ध्यानात आले. बाह्यरूपाने उभा केलेला प्रश्न जनुकीय पुराव्याने पुढे नेला आणि त्या उत्तराने पुन्हा सूक्ष्मदर्शकाकडे पाठवले.

इथे एक सावधगिरी नोंदवावीशी वाटते. संशोधकांनी जमा केलेल्या डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक जनुकपेढीत आपला क्रम टाकला आणि सर्वांत जवळचे जे नाव वर आले तेच झाडाचे नाव, असे समजण्याची पद्धत विद्यार्थ्यांत वाढत आहे. त्या पेढीतील नाव हे क्रम जमा करणाऱ्याच्या ओळखीइतकेच भरवशाचे असते. साध्या अंजनीच्या नावाखाली जमा असलेले सर्व क्रम एकमेकांशी जुळत नाहीत, हे आम्हाला स्पष्ट दिसले. ज्या क्रमामागे संग्रहालयात ठेवलेला, पुन्हा तपासता येणारा नमुना आहे, त्यालाच आम्ही तुलनेत स्थान दिले आणि महाबळेश्वर, आंबोली व दोडामार्ग येथील अंजनीचे क्रम स्वतः नव्याने वाचून घेतले.

नाव देण्याची औपचारिक बाजू नियमबद्ध आहे. मूळ नमुना निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे लिहिणे बंधनकारक आहे. वर्णन पूर्वी लॅटिनमध्येच करावे लागे, 2012 पासून ते इंग्रजीतही चालते. आपल्याकडे जैवविविधता अधिनियम, 2002 नुसार नव्या जातीची माहिती नेमून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करावा लागतो. फुले आणि फळे दोन्ही एकाच चिन्हांकित झाडाची असावीत, असा आमचा आग्रह होता, म्हणून फळांच्या हंगामातील संग्रह पूर्ण होईपर्यंत मूळ नमुना ठरवला नाही. झाडाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी ते अन्यत्र छापले गेले तर नामकरणात नसता गोंधळ निर्माण होतो.

देवराईचे नावही मी लिहिलेले नाही. दोडामार्ग परिसरात रबर, अननस आणि केळीच्या लागवडीसाठी जंगलाचे तुकडे साफ होत आहेत, आणि ओढ्याकाठची सावली गेली की ही झाडे तिथे तग धरतील असे मला वाटत नाही. शोधनिबंधात जाती नष्ट होण्याच्या धोक्याची श्रेणी सुचवताना व्याप्तीचे क्षेत्र दोन किलोमीटर बाजूच्या चौकटींनी मोजले जाते. माहीत असलेले दोन समूह त्या हिशेबात अगदी थोड्या चौकटींत मावतात. तरीही कर्नाटकाच्या हद्दीतील ओढे अजून नीट पाहिलेले नसताना सर्वांत वरची श्रेणी ठामपणे लावणे मला योग्य वाटले नाही आणि त्याविषयी सहकाऱ्यांशी बराच वाद झाला. अखेर तूर्त अपुरी माहिती ही श्रेणी सुचवावी आणि त्यासोबत अधिवासाला असलेला धोका सविस्तर लिहावा, यावर एकमत झाले.

शोधनिबंधाच्या परीक्षकांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, चंदगडच्या समूहातील आणखी झाडांचे आयटीएस क्रम. दुसरी, पिकलेल्या बियांच्या आतील बीजदलांचे रेखाचित्र, कारण मेमेसिलॉनची बीजदले जाड व घड्या पडलेली असतात आणि त्या घड्यांची रचना जातींच्या तुलनेत उपयोगी पडू शकते. दोन्ही मागण्या रास्त होत्या. चंदगडचे क्रम वाचून झाले असून ते पहिल्या समूहाशी जुळतात. बियांसाठी मात्र फळे पिकेपर्यंत थांबणे आवश्यक आहे, आणि ती पिकू लागली की निरोप देण्याचे गुरवकाकांनी कबूल केले आहे.